हात जिकडे जातो ते कपडे

गेल्या पावसाळ्यात इस्त्रीच्या गठ्ठ्यातून माझा एक कुर्ता चुकून दुसऱ्या घरी गेला. चौकशीला गेले तर इस्त्रीवाले दादा म्हणाले, "ताई, तो करडा मंगळगिरीचा ना? वरचं बटण वेगळं आहे तो?" मूळ बटण हरवल्यावर डब्यात सापडलं ते मी लावून टाकलं होतं. घरात कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं, दादांच्या बोटांना मात्र ठाऊक होतं. कुर्ता दोन दिवसांत मिळाला, पण बोलता बोलता ते जे म्हणाले ते डोक्यात राहिलं : "तुमचे नऊच तर कुर्ते येतात. सगळे पाठ आहेत मला."

घरी येऊन कपाट रिकामं केलं आणि मोजले. ४१ निघाले.

त्यानंतर वर्षभर मी या कामामागे लागले. आधी स्वतःचं कपाट आवरलं, मग बहिणीचं, मग दोन मैत्रिणींनी मुद्दाम बोलावून नेलं. चारही कपाटांत एकच गोष्ट दिसली. आपले आवडते कपडे कोणते हे ठरवत बसावं लागत नाही. घाईच्या सकाळी, दिवा न लावताही, हात ज्याकडे जातो ते आपले कपडे. ते आपल्याला माहीतच असतात. बाकीचे तिथे का आहेत, एवढंच शोधून काढायचं असतं.

कपाट कशाने भरतं

आपण खरेदी फार करतो म्हणून कपाट भरतं, हे अर्धंच खरं आहे. मराठी घरात कपड्यांचा बराच भाग न मागता येतो. लग्नातल्या मानाच्या साड्या, बारशा-मुंजीचे आहेर, दिवाळीची ओवाळणी, निवृत्तीच्या कार्यक्रमात मिळालेला शर्टपीस. आणि ब्लाउजपीस! ओटी भरली, हळदीकुंकवाला गेलो, सवाष्ण म्हणून जेवलो की एकेक हातात पडतो, पिशवीत जातो आणि पुढच्या ओटीची वाट बघत बसतो. माझ्या पिशवीत ५३ होते. शिवण्याजोगे त्यातले चार.

या कपड्यांमागे देणाऱ्याचा जीव असतो, म्हणून ते टाकवत नाहीत आणि वापरवतही नाहीत. त्यावर उपाय येण्याच्या दारातच करावा लागतो. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' ही ओळ आता सर्रास दिसते, ती मला मनापासून आवडते. घरातल्या घरातही हे बोलून घेता येतं. आम्ही चुलत-मावस भावंडांनी मागच्या वर्षी ठरवलं : साडी-शर्टपीस बंद, द्यायचंच तर पुस्तक किंवा पाकीट. एक-दोन वडीलधाऱ्यांना आधी वाईट वाटलं. पुढच्या लग्नात साड्यांची यादी करायची वेळ आली, तेव्हा त्यांनीच सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसरं कारण नवरात्राचे नऊ रंग. शास्त्रात याला आधार नाही. वर्तमानपत्रांनी गेल्या वीस-बावीस वर्षांत ही प्रथा रुजवली, आणि लोकलच्या महिला डब्यात एका सकाळी शंभर बायका एका रंगात दिसतात तेव्हा खरंच छान वाटतं. पण त्या एका दिवसासाठी मोरपिशी साडी विकत आणली की ती वर्षाचे उरलेले ३६४ दिवस कपाटात असते. आमच्या मजल्यावरच्या पाचजणींनी आता अदलाबदल सुरू केली आहे. जांभळी माझ्याकडून जाते, राखाडी समोरच्या वहिनींकडून येते. नाहीतर त्या रंगाची ओढणी किंवा ब्लाउज पुरतो.

तिसरं कारण अवघड आहे. "जरा बारीक झाले की घालीन." माझ्याकडे अशी एक जीन्स अकरा वर्षं होती. कपाट उघडलं की ती दिसायची आणि सकाळी सकाळी मन खट्टू व्हायचं. ज्या कपड्याकडे बघून स्वतःचाच राग येतो, तो कपडा घरात ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अंग पुन्हा पूर्वीसारखं झालंच तर तेव्हा नवी जीन्स घ्यावी, आनंदाने.

ही कल्पना आली कुठून

मोजक्या कपड्यांत भागवणं आपल्याला नवं नाही. दोन जोड घरातले, दोन बाहेरचे आणि एक ठेवणीतला, असं आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतल्या कितीतरी घरांचं गणित होतं. फरक इतकाच की ती निवड नव्हती, ऐपत तेवढीच होती. ऐपत असताना मुद्दाम कमी ठेवणं ही अलीकडची गोष्ट. १९७० च्या दशकात लंडनमध्ये सूझी फो यांनी आपल्या दुकानातून मोजक्या, एकमेकांशी जुळणाऱ्या, टिकाऊ कपड्यांचा संच ही कल्पना मांडली. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉना कॅरन यांनी सात कपड्यांचा संच बाजारात आणला. २०१० मध्ये अमेरिकेत कोर्टनी कार्व्हर यांनी तीन महिने फक्त ३३ वस्तू वापरण्याचा प्रयोग सुरू केला, आणि २०११ मध्ये मारी कोंडो यांचं आवरण्यावरचं पुस्तक जपानमध्ये आलं.

यातलं आपल्या कामाचं काय? याद्या तर अजिबात नाहीत. लांब कोट, लोकरी स्वेटर, काळं जाकीट हे थंड हवेच्या शहरांचे कपडे. मुंबईच्या मे महिन्यात त्यांचा उपयोग नाही, आणि हळदीला, संक्रांतीला, सत्यनारायणाला काय घालायचं याचं उत्तर त्यांच्याकडे नाही. कोंडोबाईंची कसोटी मात्र प्रसिद्ध आहे : वस्तू हातात घ्या, आनंद वाटला तर ठेवा. ती मी करून पाहिली. साड्यांपाशी ती साफ कोसळली. आईची साडी हातात घेतल्यावर कुणाला आनंद होणार नाही? पहिल्या पगाराची, डोहाळजेवणाची, मैत्रिणीने कोलकात्याहून आणलेली, प्रत्येक साडी हाताला हवीशी वाटते. म्हणून मी कसोटी बदलली. हातात घेऊन भागत नाही, अंगावर घालून दिवस काढायचा. संध्याकाळी घरी आल्यावर ती साडी पटकन सोडावीशी वाटली, की तशीच अंगावर ठेवून चहा टाकला? उत्तर तिथे मिळतं.

पहिला महिना फक्त बघायचं

रविवारी सगळे कपडे पलंगावर ओतून तीन ढीग करायचे, हा सल्ला मी देणार नाही. दुपारी चारपर्यंत दमायला होतं, निर्णय रागाने किंवा रडून होतात, आणि रात्री सगळं परत कोंबून ठेवावं लागतं.

त्यापेक्षा महिनाभर एवढंच करा. धुऊन-इस्त्री होऊन आलेला कपडा कपाटात उजव्या टोकाला अडकवा. घड्या असतील तर ढिगाच्या वर ठेवा. दुसरं काहीही करू नका. महिन्याने न घातलेले कपडे आपोआप डावीकडे, तळाशी साचलेले दिसतील. पावसाळ्यात एक महिना आणि हिवाळ्यात एक महिना केलं तर चित्र आणखी नीट दिसतं. घरी इस्त्रीवाला येत असेल तर त्याच्या वहीतला हिशेब बघा, किंवा त्यालाच विचारा.

आणि उजवीकडच्या कपड्यांसमोर जरा वेळ उभं राहा, कारण खरी माहिती तिथे असते. माझ्या नऊ कुर्त्यांत सात सुती होते. आठांना खिसा होता. गळा सगळ्यांचा बंद किंवा उभ्या पट्टीचा, बाही कोपराच्या खाली. रंग करडा, नीळ, गेरू आणि पांढरा. मी स्वतःला पिवळ्या-गुलाबी रंगांची बाई समजत होते, आणि गेली कितीतरी वर्षं तेच रंग विकत आणत होते. ते सगळे डावीकडे होते.

न घातलेल्या कपड्याची तक्रार

उरलेले ३२ कुर्ते एकेक करून घातले आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावली : का घालत नाही? एका शब्दात. सात चिठ्ठ्यांवर आलं 'मुंढा', म्हणजे बगलेपाशी ओढतो. पाचांवर 'जोडी नाही', खाली घालायला रंग जुळणारं काही नव्हतं. चारांचा गळा खोल. तिघांची बटणं किंवा चेन गेलेली. सहा टोचणारे, घामाने चिकटणारे. आणि सात असे, की ज्यांचं काहीच बिघडलेलं नव्हतं, ते मला आवडतच नव्हते.

म्हणजे ३२ पैकी १९ कपड्यांची तक्रार दुरुस्त होण्यासारखी होती! कपाट आवरण्याचं काम टाकून देण्यापासून सुरू होत नाही, ते शिंप्याकडे जाण्यापासून सुरू होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

शिंप्यांच्या भाषेत एक फार सुंदर शब्द आहे, माया. शिवणीच्या आत दाबून ठेवलेलं जादा कापड. आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांनी माझा एक जुना कुर्ता उलटा केला, बगलेपाशी नखाने शिवण जराशी उघडली आणि म्हणाले, "हिला माया आहे. होईल." आत दोन्ही बाजूंना इंच-इंच कापड होतं, मूळ रंगाचं, न विटलेलं. बाहेरची निळाई उन्हाने उतरलेली आणि आत ती जशीच्या तशी. त्यांनी टीप उसवली, अर्धा इंच बाहेर दुसरी टीप मारली. साठ रुपये, दहा मिनिटं. पुढच्या कुर्त्याला माया नव्हती. तो तयार घेतलेला होता, आत कापड बोटभरसुद्धा नाही, थेट इंटरलॉक. तसल्या कपड्यात फार तर बगलेत मिळत्या रंगाचा तुकडा जोडता येतो. सातांपैकी तीनच सुटले.

साड्यांचं तर सगळं कोडंच ब्लाउजमध्ये आहे. साडी साडेपाच मीटरचं सरळ कापड. ती कमरेचं माप विचारत नाही. लग्नातली साडी साठीतही तितकीच नीट बसते, आईची मुलीला होते, नणंदेची भावजयीला. अडतं ते ब्लाउजपाशी. माझ्या २६ साड्यांपैकी ११ केवळ ब्लाउज होत नाही म्हणून पडून होत्या. त्या अकरांना अकरा ब्लाउज शिवायचे म्हणजे पुन्हा तेच चक्र. त्याऐवजी पाच शिवून घेतले : काळा, गडद मरून, मोतिया, हिरव्या खणाचा आणि एक इकतचा. पाचांत जवळजवळ सगळ्या साड्या भागल्या. साडीतल्याच कापडाचा ब्लाउज हवा हा आग्रह तसा नवाच आहे. इरकली लुगड्यावर गुळेदगुड्डच्या खणाची चोळी घालणाऱ्या बायकांनी कधी रंगाला रंग जुळवला नाही, त्या उठून दिसायच्याच.

ब्लाउज शिवताना तीन गोष्टी सांगाव्यात. कापड आणि अस्तर दोन्ही आधी पाण्यातून काढलेलं हवं, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड चुरगळतं. दोन्ही बाजूंना माया भरपूर हवी, आत दोन टिपा मारलेल्या, म्हणजे एक उसवली की काम झालं. आणि हात पूर्ण वर करून, लोकलचा दांडा धरल्यासारखा, माप घ्यायला सांगावं.

पुरुषांच्या शर्टांची गोष्ट थोडक्यात आटपते. शर्ट आधी कॉलरच्या घडीवर झिजतो. पूर्वीचे शिंपी कॉलर उसवून उलटी लावून देत, की शर्ट आणखी दोन वर्षं चालायचा. अजूनही सांगितलं तर करून देणारे आहेत. विचारा.

किती पुरतात

आकडा इंटरनेटवर शोधू नका, आपल्या वाळत घालायच्या दोरीवर शोधा. माझं गणित सांगते. कुर्ता रोज एक. धुणं दर दोन दिवसांनी, म्हणजे दोन. पावसाळ्यात पुण्यातसुद्धा सुती कुर्ता नीट वाळायला दोन-तीन दिवस घेतो, म्हणजे आणखी तीन. इस्त्रीला जाऊन यायला दोन. झाले सात. पाहुणे, ताप, नळाला पाणी नाही, अशा अडीअडचणीला तीन धरले की दहा. मुंबईत घाम जास्त आणि कपडा दिवसातून दोनदा बदलावा लागतो, तिथे बारा-तेरा होतील. कोकणात पावसाचे चार महिने भिंतीही ओल्या असतात, तिथे आणखी. नागपूरच्या उन्हाळ्यात सकाळचा कपडा तासाभरात वाळतो, तिथे सातांतही भागेल.

खाली घालायचे मात्र फार कमी लागतात. चार सुती पॅन्ट किंवा सलवारी, त्यातली एक पांढरी किंवा मोतिया आणि एक काळी, एवढं असलं की बहुतेक कुर्त्यांची जोडी लागते.

हिशेबाने मला दहा कुर्ते पुरतात. माझ्याकडे १७ उरले आणि त्यातला एकही काढावासा वाटत नाही, कारण हात सतराच्या सतरांकडे जातो. आकडा गाठायचा म्हणून आवडता कपडा काढून टाकणं मला पटत नाही. गणित नवं विकत घेताना करायचं असतं.

कापड हाताला कळायला हवं

आवडतो आणि घातलाही जातो, अशा कपड्यांत कापडाचा वाटा सगळ्यात मोठा. उष्ण, दमट हवेत सुती कापड घाम शोषून घेतं. पॉलिस्टर शोषत नाही. घामातला तेलकट अंश त्याच्या धाग्याला धरून राहतो, म्हणून धुतल्यावरही वास राहिल्यासारखा वाटतो. माझ्या सहा 'चिकटणाऱ्या' कुर्त्यांत पाच पॉलिस्टरचे निघाले, आणि त्यातले तीन मी 'कॉटन' समजून आणले होते.

दुकानात नाव कॉटनचं आणि कापड मिश्र, हे फार चालतं. 'आर्ट सिल्क' या नावाचा अर्थ तर कित्येकांना माहीत नसतो. त्यातला 'आर्ट' म्हणजे कला नव्हे, आर्टिफिशियल. ते रेशीम नसतंच, रेयॉन किंवा पॉलिस्टर असतं. खऱ्या रेशमासाठी केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेलं 'सिल्क मार्क' हे चिन्ह बघावं. घरी आणलेल्या कापडाची परीक्षा सोपी आहे. शिवणीच्या आतून एक-दोन धागे ओढून घ्या आणि चिमट्यात धरून, बेसिनवर, जपून पेटवा. सुती धागा कागदासारखा भुरूभुरू जळतो, मागे मऊ करडी राख राहते. रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो.

दुकानात मात्र हातावर भिस्त. मी आता चार गोष्टी करते आणि त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. कुर्ता उजेडासमोर धरते, विरळ-दाट जागा दिसतात. एक कोपरा मुठीत घट्ट चुरगळून दहा आकडे मोजते. चांगलं सुती चुरगळतंच, पण मोकळं केल्यावर जरा सावरतं. कडक सुरकुती तशीच राहिली तर प्रत्येक वेळी इस्त्री लागणार. मग कुर्ता उलटा करून माया बघते. आणि शेवटी बाजूची शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणते. टाके उघडून दात दिसायला लागले तर ती शिवण सहा महिन्यांत जाणार.

हातमागाचं कापड महाग वाटतं, त्यावर एक साधा भागाकार करून बघा. माझी एक महेश्वरी साडी २,४०० रुपयांची. गेल्या काही वर्षांत निदान १२० वेळा नेसले असेन, म्हणजे एका वेळेला वीस रुपये. सेलमधला ६०० रुपयांचा कुर्ता तीनदा घातला, एका वेळेला दोनशे. महेश्वरीत ताणा रेशमाचा आणि बाणा सुताचा, त्यामुळे ती समारंभालाही चालते आणि उकाड्यातही. एका साडीने दोन साड्यांचं काम केलं.

स्वस्त कपड्याचा उरलेला पैसा कुणीतरी दुसरंच भरत असतं. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावारमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि आत जगभरच्या दुकानांसाठी कपडे शिवणारे ११०० हून अधिक कामगार गेले. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावलं गेलं. एका सुती टीशर्टमागे सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडतं असा अंदाज आहे. आपल्या विदर्भातला कापूस तर बहुतेक पावसाच्याच भरवशावर उभा असतो, एक नक्षत्र कोरडं गेलं की शेतकऱ्याचं वर्ष जातं. इतकं सगळं ज्यात ओतलेलं आहे तो कपडा तीनदा घालून टाकणं मला आता जमत नाही.

ठेवणीतलं बाहेर काढा

कपडे कमी करण्याच्या गप्पांत ही गोष्ट कुणी सांगत नाही, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. आवडता कपडा अनेकदा वापरातल्या ढिगात नसतोच, तो ठेवणीत असतो. माझ्या मावशीने आपली पैठणी चाळीस वर्षं जपली. मलमलीत गुंडाळून, वरच्या फळीवर. मागच्या वर्षी नातीच्या लग्नाला काढली, तर घडीच्या रेषांवर रेशीम चिरलेलं. रेशीम एकाच घडीवर वर्षानुवर्षं राहिलं की तिथे कमजोर होतं. मावशी बराच वेळ त्या चिरेवरून बोट फिरवत होती. म्हणाली, "मोजून चारदा नेसले गं."

रेशमी साड्यांच्या घड्या दर तीन-चार महिन्यांनी मोडून वेगळ्या जागी घालाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, त्यापेक्षा जुन्या सुती धोतराचा तुकडा बरा. डांबराची गोळी जरीला थेट लागू देऊ नये, कापडाच्या पुरचुंडीत ठेवावी. पाऊस संपला की ऑक्टोबरमध्ये एक दिवस सावलीत, वाऱ्यावर सगळ्या मोकळ्या कराव्यात. पण या सगळ्याहून सोपा उपाय म्हणजे नेसणं. वाढदिवसाला, बँकेत जायला, कुणीही न बोलावलेल्या एखाद्या गुरुवारी. मी काळी चंद्रकळा फक्त संक्रांतीला काढायचे. या वर्षी ती सातदा नेसले, आणि तीन नव्या साड्या घ्यायच्या राहून गेल्या, कारण आठवणच झाली नाही.

निघालेल्या कपड्यांचं काय करायचं

चांगल्या स्थितीतला कपडा आधी ओळखीत विचारून द्यावा, नाव घेऊन, "हा तुला होईल असं वाटतं" असं म्हणून. बोहारीण अजून बऱ्याच गावांत, पेठांत येते. तिच्याशी घासाघीस करताना एक लक्षात ठेवावं, की ती आपल्याला भांडं देऊन तो कपडा धुणार, टाके घालणार, इस्त्री करणार आणि मगच विकणार आहे. पुनर्वापराचं हे काम ती बिनबोभाट पिढ्यान्‌पिढ्या करते आहे. 'गूंज' ही संस्था १९९९ पासून शहरातले कपडे गावांपर्यंत पोचवते. तिचे संस्थापक अंशू गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

देताना कपडा धुतलेला, बटणं लावलेला, नाडी ओवलेला हवा. पूरग्रस्तांसाठी म्हणून फाटके, मळके कपडे पाठवले जातात आणि तिथल्या कार्यकर्त्यांचे दिवस ते वेगळे करण्यातच जातात. आपण जो कपडा शेजारच्या घरी देऊ शकणार नाही, तो संकटातल्या माणसालाही देऊ नये.

अगदी विटलेल्या सुती साड्यांची गोधडी होते. दोन-तीन साड्यांचे थर, वरून सगळ्यात मऊ साडी, आणि चारही बाजूंनी आत आत येणारा धावदोरा. त्यासाठी पॉलिस्टर घेऊ नका, ते सरकतं. ब्लाउजपीसच्या पिशवीतून माझ्या भाजीच्या बारा पिशव्या झाल्या, उरलेल्यांचं अस्तर झालं. लोकरीचे जुने कपडे भंगारातून बऱ्याचदा हरयाणातल्या पानिपतला जातात. तिथे ते रंगांप्रमाणे वेगळे करून, फाडून, पुन्हा सूत काढून त्यांची ब्लँकेटं विणली जातात.

नवं आणायचं तेव्हा

वर्षभरात मी दोन कुर्ते घेतले, दोन्ही कापड आणून शिवलेले. कापड आवडलं की त्याचा फोटो काढून घरी यायचं आणि कपाटासमोर उभं राहून बघायचं : उजवीकडच्या कुठल्या तीन कपड्यांशी हे जाईल? तीन सापडले नाहीत तर परत जायचं नाही. सापडले आणि पंधरा दिवसांनी कापड अजून आठवत असलं, तर जायचं. दोनदा असं झालं की मी गेले तोवर ते संपलं होतं. एकदा हळहळले. दुसऱ्यांदा लक्षात आलं, की मधल्या दिवसांत तो रंगही मी विसरले होते.

शिवायला टाकताना नवं माप देऊ नका. सगळ्यात जास्त घातला जाणारा जुना कुर्ता बरोबर न्या आणि सांगा, अस्सा हवा. मी तो करडा मंगळगिरीचाच नेते. शिंपीकाका तो टेबलावर पसरतात, मुंढ्यावर टेप ठेवतात, खिसा कुठे येतो ते खडूने नव्या कापडावर उतरवून घेतात, आणि मला न विचारता बाजूला दीड इंच माया सोडतात.